अपडेट करूनही स्कॅनमध्ये पुन्हा उगवणारी फ्रीटाइपची सुरक्षा-त्रुटी: शोध आणि निवारण

सर्व्हरवरील पॅकेजे अद्ययावत केली, सेवा पुन्हा सुरू केल्या, स्कॅनचा अहवाल स्वच्छ आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढच्या सोमवारी सीव्हीई-२०२५-२७३६३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला दिलेला नोंद-क्रमांक) ही ओळ पुन्हा लाल रंगात समोर उभी राहिली, असा अनुभव फ्रीटाइप या फॉन्ट रेखाटणाऱ्या लायब्ररीच्या बाबतीत येऊ शकतो. आम्हाला तो सलग तीन सोमवार आला. ही त्रुटी नेमकी कशी आहे, काढल्यावरही ती परत का येते आणि शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे आम्ही केलेल्या चुकांसह येथे मांडत आहे.

मी ज्या संकेतस्थळाची देखभाल करतो ते लग्नपत्रिका आणि निमंत्रणपत्रे छापणाऱ्या एका व्यवसायाचे आहे. ग्राहक मजकूर भरतो, नमुना निवडतो आणि हवा असल्यास स्वतःचा फॉन्ट अपलोड करतो. त्यावरून सर्व्हर छपाईसाठी पीडीएफ आणि पडद्यावर दाखवण्यासाठी छोटे चित्र तयार करतो. स्वतःच्या फॉन्टची सोय ग्राहकांच्या फार आवडीची आहे, कारण थोरल्याच्या पत्रिकेवर जे अक्षर होते तेच धाकटीच्याही पत्रिकेवर हवे, असा घरच्यांचा आग्रह असतो. सुरक्षेच्या बाजूने पाहिले तर मात्र एका अनोळखी माणसाने दिलेली, त्याने कोठून उतरवून घेतली हे त्यालाही न आठवणारी एक बायनरी फाइल आपण स्वीकारतो आणि सी भाषेत लिहिलेल्या लायब्ररीच्या हाती सोपवतो. त्यामुळे ज्या त्रुटीकडे एखाद्या अंतर्गत सर्व्हरवर थोडे थांबून पाहिले असते, तिच्याकडे आम्हाला लगेच लक्ष द्यावे लागले.

त्रुटी नेमकी काय आहे

फेसबुकच्या सुरक्षा विभागाने ११ मार्च २०२५ रोजी ही त्रुटी जाहीर केली. फ्रीटाइपच्या २.१३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना ती लागू आहे, तिची तीव्रता १० पैकी ८.१ इतकी मोजली गेली आणि तिचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर झालेला असू शकतो, असे त्या सूचनेतच म्हटले होते. अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने ६ मे २०२५ रोजी तिला वापरात असलेल्या त्रुटींच्या यादीत घातले आणि तेथील संघीय कार्यालयांना दुरुस्तीसाठी २७ मेपर्यंतची मुदत दिली.

या घटनाक्रमात एक विचित्र गोष्ट आहे आणि पुढच्या गोंधळाचे बरेचसे मूळ तिच्यातच आहे. २.१३.१ ही आवृत्ती २०२३ च्या जूनमध्येच आली होती आणि तिच्यात हा दोष नव्हता. म्हणजे मूळ प्रकल्पात दोष आधी गेला आणि त्याचा गाजावाजा पावणेदोन वर्षांनी झाला. ज्यांच्याकडे नवी आवृत्ती होती ते काही न करता सुरक्षित होते. ज्यांनी स्थिर वितरण (पॅकेजांच्या आवृत्त्या सहसा न बदलणारा लिनक्स संच) वापरावे हा शहाणा सल्ला पाळला होता, ते मात्र जुन्या क्रमांकावर राहिले.

दोषाचे अंकगणित समजून घेण्यासारखे आहे, कारण ते समजले की कोणती फॉन्ट फाइल संशयास्पद मानावी हेही समजते. ट्रूटाइप फॉन्टमध्ये काही ग्लिफ (अक्षरांचे आकार) स्वतंत्र रेखाटलेले नसतात. ते दुसऱ्या ग्लिफांचे संदर्भ जोडून तयार केलेले असतात. देवनागरीत ‘ो’ हे याचे सोपे उदाहरण आहे: फॉन्ट बनवणारा त्याचा आकार नव्याने न काढता ‘काना घे, त्यावर अमुक अंतरावर मात्रा ठेव’ एवढीच नोंद करू शकतो. अशा ग्लिफाला संयुक्त ग्लिफ म्हणतात आणि त्याचे घटक म्हणजे उपग्लिफ. एकाच फाइलमध्ये बारीकपासून ठळकपर्यंतचे सर्व वजन सामावणाऱ्या व्हेरिएबल फॉन्टमध्ये वजन बदलले की या घटकांच्या जागाही सरकाव्या लागतात, आणि त्यासाठी फ्रीटाइप उपग्लिफांच्या संख्येइतक्या बिंदूंची तात्पुरती जागा मेमरीत मागून घेते. त्या संख्येत चार बिंदू जास्तीचे मिळवले जातात. ग्लिफाच्या चार बाजूंचे अंतर सांगणारे हे काल्पनिक बिंदू असतात.

जुन्या कोडमध्ये उपग्लिफांची संख्या १६ बिटांच्या चिन्हयुक्त (धन आणि ऋण दोन्ही संख्या धरणाऱ्या) चलात ठेवलेली होती. अशा चलात ३२,७६७ पर्यंतचीच धन संख्या मावते; त्यापुढची संख्या ऋण दिसू लागते. आता एखाद्याने मुद्दाम ६५,५३३ उपग्लिफ असलेला ग्लिफ बनवला, तर तो आकडा या चलात −३ होतो. हा −३ पुढे चिन्हरहित मोठ्या चलात गेला की प्रचंड मोठी संख्या बनतो, त्यात ४ मिळवले की ती संख्या पूर्ण फेरी मारून १ वर येते, आणि लायब्ररी फक्त एका बिंदूची जागा मागते. घटकांची फेरी ऋण संख्येमुळे एकदाही चालत नाही, पण चार काल्पनिक बिंदू मात्र नेमाने लिहिले जातात. प्रत्येक बिंदूला आडवा आणि उभा असे दोन आकडे लागतात. म्हणजे दोन आकड्यांच्या जागेत आठ आकडे, आणि सहा आकडे शेजाऱ्याच्या मेमरीत. ६४-बिट लिनक्सवर हे ४८ बाइट झाले. आकडा छोटा वाटतो, परंतु हीपवर (प्रोग्रामने चालता चालता मागून घेतलेल्या मेमरीत) शेजारी काय आहे हे हल्लेखोराला जुळवून आणता आले, तर तेवढ्यावर प्रोग्रामचा ताबा घेता येऊ शकतो.

एखाद्या प्रामाणिक फॉन्टमध्ये एका अक्षराला ६५,५३३ घटक लागण्याचे कारणच नाही. संपूर्ण ट्रूटाइप फॉन्टमध्ये मिळून ६५,५३५ च्या पुढे ग्लिफ मावत नाहीत. हे लक्षात ठेवावे. पुढे तपासणी लावताना याचा उपयोग आहे.

या लायब्ररीत अशा जातीचा दोष पहिल्यांदाच सापडला असेही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाला फॉन्टमध्ये बसवलेल्या पीएनजी चित्रांच्या हाताळणीत अशीच चूक सापडली होती, तीही प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली जात असताना. तेथे चित्राची ३२-बिट रुंदी आणि उंची १६ बिटांत कोंबून त्यानुसार जागा मागितली जात होती, तर चित्र उलगडणारी लायब्ररी मूळ ३२-बिट आकडेच धरून लिहीत होती. १९ ऑक्टोबरला कळवलेल्या त्या दोषावर दुसऱ्याच दिवशी २.१०.४ ही आवृत्ती आली. दोन्ही ठिकाणी मोठी संख्या लहान भांड्यात ओतल्यामुळेच घात झाला.

लक्षणे कशी दिसतात

बहुतेकांना ही त्रुटी स्कॅनच्या अहवालातच भेटते. प्रत्यक्ष क्रॅश दिसलाच, तर तो फसवा असतो. मेमरी बिघडते एका क्षणी आणि प्रोग्राम कोसळतो दुसऱ्याच क्षणी, बहुधा ती मेमरी परत करताना किंवा शेजारचा तुकडा नव्याने मागताना. लॉगमध्ये जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत सी लायब्ररीचा ‘फ्री: इनव्हॅलिड पॉइंटर’ किंवा ‘करप्टेड साइझ व्हर्सेस प्रीव्ह साइझ’ असा संदेश येतो आणि स्टॅक ट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) फ्रीटाइपचे नावही नसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही गत असते. आमच्याकडे चित्रे बनवणारी प्रोसेस अधूनमधून असेच काही बोलून मरत होती आणि आम्ही दोन दिवस चित्रे लहान करणाऱ्या कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. शेवटी कळले की एका ग्राहकाची अपलोड अर्धवट झालेली फॉन्ट फाइल पुन्हा पुन्हा रांगेत येत होती. तिचा या सीव्हीईशी संबंध नव्हता, पण बिघडलेला फॉन्ट प्रोसेसला मारू शकतो हे तिने आम्हाला स्कॅनच्या आधीच दाखवले होते.

असा क्रॅश पुन्हा घडवता येत असेल, तर तीच फाइल वेगळ्या चाचणी-यंत्रावर व्हॅलग्रिंडखाली किंवा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून बांधलेल्या फ्रीटाइपवर चालवावी. ही साधने कोसळण्याची वाट पाहत नाहीत; हद्दीबाहेरचे पहिले लेखन ज्या ओळीवर झाले तीच ओळ दाखवतात. संशयित फाइल उत्पादन-सर्व्हरवर ‘फक्त एकदा उघडून पाहू’ नये, आणि आपल्या रोजच्या संगणकावरही नाही. फाइल व्यवस्थापक तिचे छोटे चित्र दाखवायला जातो तेव्हा त्यानेही ती वाचलेली असते.

पहिला सापळा: आवृत्तीचा क्रमांक

शोधाला सुरुवात करताना सर्वांत आधी क्रमांकांचा गोंधळ मिटवावा, नाहीतर जे दुरुस्त आहे त्याच्याच मागे वेळ जातो. स्थिर वितरणे मूळ आवृत्ती बदलत नाहीत. त्या जुन्या आवृत्तीवरच दुरुस्तीचा तुकडा बसवतात. डेबियन १२ मध्ये फ्रीटाइप २.१२.१ आहे, उबुंटू २२.०४ मध्ये २.११.१ आणि रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्स ९ मध्ये २.१०.४. हे तिन्ही क्रमांक २.१३.० पेक्षा लहान आहेत आणि तरीही पॅच बसवल्यानंतर तिन्ही सुरक्षित आहेत. डेबियन १२ वर दुरुस्तीची खूण क्रमांकाच्या शेपटीत असते. तेथे शेवटी ‘डेब१२यू४’ किंवा त्याहून पुढचे काही दिसले पाहिजे. जो स्कॅनर केवळ ‘२.१२.१ लहान आहे की २.१३.१’ एवढीच तुलना करतो, तो या यंत्रावर जन्मभर लाल ओळ दाखवत राहील.

खात्रीचा मार्ग म्हणजे पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडून त्यात सीव्हीईचा क्रमांक शोधणे. डेबियन आणि उबुंटूवर तो पॅकेजसोबत आलेल्या दस्तऐवजांच्या निर्देशिकेत, लिबफ्रीटाइप६ या नावाखाली दाबलेल्या स्वरूपात असतो. आरपीएम वापरणाऱ्या वितरणांवर आरपीएमलाच त्या पॅकेजचा चेंजलॉग विचारता येतो. क्रमांक तेथे सापडला, तर स्कॅनरला वितरणाची स्वतःची सुरक्षा-माहिती वाचायला सांगावे. चांगल्या स्कॅनरमध्ये तशी सोय असते, ती बंद पडलेली असते एवढेच.

क्रमांकाचा आणखी एक घोळ आहे आणि त्यात आमचे एक सहकारी पूर्ण दुपारभर अडकले. पीकेजी-कॉन्फिग या साधनाला फ्रीटाइपची आवृत्ती विचारली असता त्याने २४.३.१८ असे उत्तर दिले. सहकाऱ्यांना वाटले की २४ म्हणजे २ पेक्षा कितीतरी पुढची आवृत्ती आहे, म्हणजे काळजी मिटली. प्रत्यक्षात हा लिबटूल या बांधणी-साधनाचा वेगळा क्रमांक आहे आणि तो २.१२.१ या आवृत्तीचा आहे. याच आवृत्तीची फाइल डिस्कवर ‘लिबफ्रीटाइप.एसओ.६.१८.३’ या नावाने असते. २.१३.० साठी हे क्रमांक २५.०.१९ आणि ६.१९.० असे आहेत, तर २.१३.२ साठी २६.१.२० आणि ६.२०.१. एकाच वस्तूला तीन क्रमांक का, असा प्रश्न पडणे रास्त आहे. पण फ्रीटाइपच्या मूळ संचात या तिन्हींची जुळणी दाखवणारा तक्ता दिलेला असतो आणि तो समोर ठेवूनच बोलावे.

दुसरा सापळा: डिस्कवर नवी, मेमरीत जुनी

पॅकेज अद्ययावत झाले म्हणजे चालू असलेली प्रोसेस अद्ययावत झाली असे नाही. लिनक्सवर जुनी फाइल पुसली गेली तरी जी प्रोसेस तिला धरून आहे तिच्यासाठी ती शिल्लकच असते. प्रॉक निर्देशिकेतील त्या प्रोसेसच्या मॅप्स फाइलमध्ये लिबफ्रीटाइपच्या ओळीपुढे ‘डिलीटेड’ असे लिहिलेले दिसले, की समजावे, ही प्रोसेस अजून जुन्याच घरात राहते आहे. डेबियनवर नीडरीस्टार्ट हे साधन अशा प्रोसेसांची यादी काढून देते.

आमच्या पहिल्या सोमवारचे कारण हेच निघाले. वेब सर्व्हर आम्ही पुन्हा सुरू केला होता, परंतु रांगेतील कामे उपसणारे चार वर्कर अडीच महिने अखंड चालू होते आणि त्यांना कोणी हात लावला नव्हता. ग्राहकाचा फॉन्ट मात्र त्यांच्याच हाती जात होता.

तिसरा सापळा: प्रणालीबाहेरच्या प्रती

येथे खरा वेळ जातो, आणि तो द्यायला हवा. वितरणाच्या पॅकेजमधून येणारी लिबफ्रीटाइप ही यंत्रावरील एकमेव प्रत असते असे आपण गृहीत धरतो. पण फॉन्ट वाचणारे बहुतेक सॉफ्टवेअर स्वतःची शिदोरी बांधूनच येते. पायथनमधील पिलो ही चित्रांची लायब्ररी तयार व्हील स्वरूपात बसवली, की तिच्या शेजारी ‘पिलो.लिब्ज’ नावाची निर्देशिका तयार होते आणि तीत फ्रीटाइपची वेगळी प्रत असते, जिच्या नावात मधे लांबलचक अक्षर-अंकांची माळ असते. एप्टने (डेबियन-उबुंटूच्या पॅकेज-साधनाने) प्रणाली कितीही वेळा अद्ययावत केली तरी या प्रतीला धक्का लागत नाही. ती पिप या पायथनच्या पॅकेज-साधनानेच बदलते. पिलोला स्वतःची माहिती छापायला सांगितले, तर आत कोणते फ्रीटाइप आहे ते ती सांगते, आणि आमच्याकडे तिने २.१३.० पेक्षा जुना आकडा सांगितला, कारण तीन वर्षांपूर्वी कोणीतरी आवृत्ती बांधून ठेवली होती आणि का बांधली हे कोठेही लिहिले नव्हते. हा आमचा दुसरा सोमवार.

जावाच्या जेडीके या विकास-संचातही तीच कथा असते. विंडोजसाठीच्या आणि काही लिनक्स संचांत जेडीकेच्या लिब निर्देशिकेत स्वतःचे फ्रीटाइप असते. अहवाल छापणारी जुनी जावा सेवा असेल तर तेथे पाहावे. घोस्टस्क्रिप्टच्या मूळ संचात फ्रीटाइप सोबत येते. क्यूट वापरून बांधलेल्या आणि इलेक्ट्रॉनवर चालणाऱ्या डेस्कटॉप प्रोग्रामांमध्येही फ्रीटाइप आतच जोडलेले असू शकते.

आतच जोडलेली, म्हणजे स्टॅटिक लिंक केलेली प्रत शोधणे अवघड, कारण तिची स्वतंत्र फाइल नसते आणि नावावरून शोध घेतला तर हाती काही लागत नाही. यावर एक साधा उपाय उपयोगी पडला. फ्रीटाइप सुरू होताना आपली मूलभूत मूल्ये ठरवण्यासाठी एका पर्यावरण-चलाचे नाव विचारते: सर्व मोठी रोमन अक्षरे, ‘फ्रीटाइप’, मग अधोरेषा, मग ‘प्रॉपर्टीज’. हे नाव सहसा बायनरीमध्ये जसेच्या तसे शिल्लक राहते. म्हणून ऑप्ट, होम आणि कंटेनरच्या (प्रोग्राम त्याच्या सर्व फाइलींसह वेगळा चालवणाऱ्या डब्याच्या) फाइल-प्रणालीतील सर्व बायनरींवर ग्रेपने ही अक्षरे शोधली की लपलेल्या प्रतींची बरीच मोठी यादी मिळते. ही चाळणी परिपूर्ण नाही. ज्यांनी ही सोय वगळून बांधणी केली त्यांची प्रत तीतून निसटते. आम्हाला तिने सात ठिकाणे दाखवली, आणि त्यांपैकी दोन आमच्या कोणाच्याही यादीत नव्हती.

मॅटप्लॉटलिबबद्दल वेगळे सांगावे लागते, कारण तिथला आकडा पाहून माणूस हादरतो. आलेखांची ही लायब्ररी आपल्या चाचणी-चित्रांत टिंबाचाही फरक पडू नये म्हणून फ्रीटाइपच्या २.६.१ या २०१५ सालच्या आवृत्तीला चिकटून राहत आली आहे. स्कॅनर ते पाहून ओरडणारच. येथे पॅचपेक्षा प्रश्न महत्त्वाचा आहे: या प्रोसेसपर्यंत बाहेरच्या माणसाचा फॉन्ट पोहोचू शकतो का? आमच्याकडे ती केवळ अंतर्गत विक्रीचे आलेख काढते आणि फॉन्ट आम्हीच ठेवलेले आहेत. म्हणून तिच्यासाठी धावपळ केली नाही. ज्यांच्याकडे वापरकर्ता आलेखाला स्वतःचा फॉन्ट लावू शकतो, त्यांना हे उत्तर लागू नाही.

तिसरा सोमवार: कंटेनरची साठवण

आता इतके सगळे करूनही तिसऱ्या सोमवारी तीच ओळ आली तेव्हा आम्ही खरोखर वैतागलो होतो. शनिवारी रात्री हाताने तपासले तेव्हा कंटेनर स्वच्छ होता, सोमवारी सकाळी तोच कंटेनर पुन्हा सदोष. मधल्या काळात कोणी काही बदलल्याची नोंद नव्हती.

कारण बांधणीच्या साठवणीत निघाले. डॉकर इमेज बांधताना प्रत्येक पायरीचा निकाल साठवून ठेवला जातो, आणि पायरीचा मजकूर बदललेला नसेल तर ती पुन्हा न चालवता साठवलेलाच थर उचलला जातो. आमच्या बांधणी-फाइलमध्ये पॅकेजे अद्ययावत करण्याची ओळ होतीच; पण ती ओळ आठ महिन्यांत एका अक्षराने बदललेली नव्हती, त्यामुळे आठ महिन्यांपूर्वीचा थर प्रत्येक वेळी नवा म्हणून बसत होता. भर म्हणजे मूळ पाया-इमेजही बांधणी-यंत्रावर एकदा उतरवलेलीच वापरली जात होती. आम्ही चालू कंटेनरच्या आत शिरून केलेली दुरुस्ती रविवारी पहाटेच्या नियमित पुनर्बांधणीत पुसली जाई आणि जुना थर मानाने परत येई. बांधणी करताना साठवण न वापरण्याचा आणि पाया-इमेज नव्याने ओढण्याचा पर्याय दिला, तेव्हा कोठे हे चक्र थांबले. आता आठवड्यातून एकदा अशी कोरी बांधणी होते आणि इतर दिवशी साठवण वापरली जाते. रोजच कोरी बांधणी करणे आमच्या छोट्या बांधणी-यंत्राला झेपत नाही.

कंटेनर नसतील आणि आभासी यंत्रे साच्यावरून उभी राहत असतील, तर हाच दोष साच्यात असतो. गर्दीच्या दिवसांत, आमच्या बाबतीत लग्नसराईत, नवी यंत्रे आपोआप उभी राहतात आणि प्रत्येक यंत्र जुने फ्रीटाइप घेऊनच जन्माला येते. यंत्राची दुरुस्ती करण्याऐवजी साचा बदलावा. चालू कंटेनरमध्ये शिरून पॅकेज अद्ययावत करण्याची सवय तर पूर्ण सोडून द्यावी, असे माझे आता ठाम मत आहे, कारण तिने दोष जात नाही, फक्त तपासणाऱ्याला तेवढ्यापुरता दिसेनासा होतो.

फॉन्ट आत येतो त्या दारावर

सर्व प्रती बदलल्यावरही ग्राहकाचा फॉन्ट थेट रेखाटणाऱ्या प्रोसेसकडे देऊ नये, कारण पुढचा दोष कोणता असेल हे कोणालाच माहीत नसते. आम्ही अपलोडनंतर लगेच एक वेगळी पायरी ठेवली आहे. ती फॉन्टटूल्स या पायथन संचाने फाइल वाचते. हा संच पायथनमध्येच लिहिलेला असल्याने बिघडलेल्या फाइलवर तो फार तर त्रुटीसंदेश देऊन थांबतो, शेजारच्या मेमरीत लिहीत सुटत नाही. ही पायरी प्रत्येक संयुक्त ग्लिफाचे घटक मोजते आणि एखाद्यात ६४ पेक्षा जास्त घटक आढळले, तर फॉन्ट नाकारते. ६४ हा आकडा आमचा स्वतःचा आहे. आमच्याकडे आलेल्या फॉन्टांत जोडाक्षरांचे घटकही एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच असतात, त्यामुळे इतकी मोकळीक पुष्कळ झाली.

व्हेरिएबल फॉन्ट सरसकट नाकारावेत अशी एक सूचना आमच्या बैठकीत आली होती आणि ती आम्ही मान्य केली नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘बालू २’ आणि ‘अनेक देवनागरी’, तसेच ‘नोटो सान्स देवनागरी’ हे सगळे फॉन्ट व्हेरिएबल स्वरूपात मिळतात. पत्रिकेवर बालू वापरायचे नाही, असे ग्राहकाला सांगणे म्हणजे दुकानाला कुलूप लावण्यासारखे आहे. त्याऐवजी ग्राहकाने निवडलेले वजन फॉन्टटूल्समधील इन्स्टन्सरने गोठवून साधा स्थिर फॉन्ट बनवला जातो आणि पुढे तोच जातो. असे केल्याने फ्रीटाइपमधील हा सदोष रस्ता वापरलाच जात नाही. गोठवताना जोडाक्षरांचे नियम सांगणारे जीसब आणि मात्रांच्या जागा सांगणारे जीपॉस हे तक्ते शाबूत राहिले आहेत ना, हे एकदा ‘श्री’, ‘क्ष’, ‘र्‍या’ आणि ‘द्ध’ छापून डोळ्यांनी पाहावे. आमच्या पहिल्या प्रयत्नात ‘शुभविवाह’ नीट आला आणि ‘आशीर्वाद’ मधला रफार मात्र एक अक्षर मागे, ‘शी’ वर जाऊन बसला. नंतर कळले की फाइलचा आकार कमी करण्याच्या हौसेने कोणीतरी जागा सांगणारा जीपॉस तक्ताच वगळला होता.

त्यापुढची रेखाटणारी प्रोसेस वेगळ्या वापरकर्त्याच्या नावे, जाळ्याशी संपर्क तोडून आणि मेमरी व वेळेची मर्यादा घालून चालवावी. याचा तपशील प्रत्येकाच्या व्यवस्थेप्रमाणे बदलेल. ब्राउझरांनी हा मार्ग केव्हाच धरला आहे: क्रोम आणि फायरफॉक्स वेबफॉन्ट आधी ओटीएस या गाळणीतून घालतात, आणि लिनक्स, अँड्रॉइड व क्रोमओएसवर क्रोमने १३३ या आवृत्तीपासून वेबफॉन्टांसाठी फ्रीटाइपऐवजी रस्ट भाषेतील स्क्रिफा वापरायला सुरुवात केली.

आणखी दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला फोनचा: अँड्रॉइडने ही दुरुस्ती मे २०२५ च्या सुरक्षा-संचात दिली, म्हणून सेटिंग्जमधील सुरक्षा अपडेटची तारीख १ मे २०२५ किंवा त्यानंतरची असावी, ज्या फोनला निर्मात्याकडून अपडेट येणेच थांबले आहे, त्याच्यावर अनोळखी ठिकाणची फॉन्टची अ‍ॅप टाकू नयेत. दुसरा विंडोजचा: विंडोजचे स्वतःचे फॉन्ट-रेखाटन फ्रीटाइपवर चालत नाही, त्यामुळे तेथे ही त्रुटी केवळ बाहेरून बसवलेल्या प्रोग्रामांमधून येते. अर्थात फॉन्टच्या फाइलमधून होणाऱ्या हल्ल्यांचा विंडोजलाही जुना अनुभव आहे. २०११ मध्ये ड्यूकू या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने वर्डच्या दस्तऐवजात दडवलेल्या ट्रूटाइप फॉन्टमधूनच शिरकाव केला होता, आणि त्या काळी तेथे फॉन्ट थेट कर्नलमध्ये वाचला जात असे.

चौथ्या सोमवारच्या अहवालात आमच्याकडे एकच लाल ओळ उरली, मॅटप्लॉटलिबची. ती ‘मान्य अपवाद’ म्हणून नोंदवताना कारणाच्या रकान्यात ‘जोखीम कमी’ असे न लिहिता ‘या कंटेनरमध्ये बाहेरचा फॉन्ट येण्याचा मार्ग नाही’ असे लिहिले आहे, आणि पुनर्तपासणीची तारीख सहा महिन्यांनंतरची टाकली आहे. विक्री विभागाने गेल्याच आठवड्यात आलेखांवर व्यवसायाच्या नव्या बोधचिन्हाचा फॉन्ट लावता येईल का, असे विचारले आहे. तो फॉन्ट कोठून येणार आहे ते कळेपर्यंत त्यांना थांबायला सांगितले आहे.